कुंकवाची सात बोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. उल्हास नदीच्या काठावरचे साती आसरांचे दगड पुरात वाहून गेले नव्हते. ते मी डोहात ढकलले होते.

माझं कर्जतला भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. सुट्टीत मुंबईहून आलेली मंडळी नदीकाठच्या पायवाटेनं हौसेनं सायकली फिरवीत. एका वळणावर पाण्याच्या या देवता, शेंदूर फासलेले सात दगड, ऐन वाटेत बसलेल्या. तिथं उतरून सायकल हातात धरून न्यावी लागे. देवधर्मावर तेव्हा माझा फारसा विश्वास नव्हता. एका वर्षी पावसाळा सरता सरता, भर दुपारी सामसूम बघून, मी एकेक दगड खाली लोटला. सहांचा पाण्यात पडल्याचा आवाज आला. सातव्याचा आलाच नाही. मी बराच वेळ कान देऊन उभा होतो.

गावात सांगितलं, शेवटच्या पुरात गेले. दर मंगळवारी त्यांची पूजा करणारी म्हातारी हौसाकाकू मात्र ऐकेना. "पूर उतरल्यावं मी माज्या हातानं पुजल्यात. मानसानं हलवल्यात कुनी तरी." लोकांनी मला विचारलं. मी म्हणालो, "काकूंचं आता वय झालंय." एवढंच म्हणालो. तेव्हापासून ती येडी हौसा झाली.

पुढच्या पावसाळ्यात दोन दिवस नदी त्या वाटेवरून वाहत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं आणि एक नवं जोडपं सायकली मागायला आलं. वाट चिखलाची, पण शाबूत दिसत होती. मी पुढे, ते मागे. नदी तुडुंब, पण तिचा आवाज नव्हता. आवाज येत होता तो जमिनीखालून, कुणी गुळण्या कराव्यात तसा. मला सातवा दगड आठवला.

वळणावर हौसाकाकू वाट अडवून बसलेली. मोकळ्या मातीवर कुंकवाची बोटं टेकवत होती. मी घंटी वाजवली.

"घंटी वाजव, नायतर ताशा बडव. पूजा झाल्याबिगर उटनार नाय मी."

"मालक, इथे जकातनाका आहे वाटतं!" मागून तो तरुण म्हणाला. त्याची बायको हसली.

मी चिडलो. "काकू, तिथं काही नाही. वाट सोडा."

तिनं वर पाहिलं. "सातीजनी हितंच बसल्यात रं. तुला नाय, तर कुनाला म्हाईत?"

तिनं सातवं बोट टेकवलं आणि तिच्यापुढची वाट गेली. धडधड नाही, काही नाही. गवत, बोरीचं झुडूप, वाट, सगळं हळूच खाली बसलं आणि तिथं तांबडं पाणी आलं. नदीनं काठ आतून पोखरला होता. नवी कड सातव्या बोटापासून वीतभर लांब होती.

काकूनं ताट उचललं. "झाली पूजा. जा आता, कुटं जायाचं तं."

तिला काठ खचणार हे कळलं असेल, नसेलही. मी त्यावर वाद घालत नाही. ज्यांना मी हलवलं त्या जागच्या हलल्या नव्हत्या, आणि माझ्या भरवशावर आलेल्या त्या दोघांसकट त्यांनी मला वाचवलं, एवढंच मला कळतं. दर मंगळवारी मी त्या मातीला हात लावून येतो. अडवणारं कुणी भेटलं, की आता आधी थांबतो. पुढचं त्यांच्यावर सोडतो.

हौसाकाकू अजून आहे. पोरं तिला अजून येडी म्हणून चिडवतात. गावासमोर उभं राहून, काकू खरं बोलत होती आणि मी खोटं, एवढं सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.