धुआंधारकडे पाठ करून

जबलपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन नोकऱ्या असतात. एक पोटाची आणि दुसरी पाहुण्यांना भेडाघाट दाखवण्याची. पहिलीतून निदान निवृत्त तरी होता येतं. नागपूर, अमरावती, पुणे, कुठूनही कोणी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन तिथला धुआंधार धबधबा बघायला निघायचं, हे ठरलेलंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सत्यनारायण झाला आणि लगेच मलाही तिथेच नेलं होतं. तेव्हा वाटलं, हौस असेल. पुढे कळलं की हा कुळाचार आहे.

आमच्या ह्यांनी ही दुसरी नोकरी रिछाईच्या कारखान्यातल्या सुपरवायझरीपेक्षा जास्त मन लावून केली. बाकीचे लोक पाहुण्यांना सरळ खालच्या कठड्याशी नेतात, गर्दीत फोटो काढतात, भुट्टा खातात आणि परत येतात. हे असल्या लोकांना नावं ठेवायचे. ह्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. संगमरवरी वस्तूंच्या दुकानांच्या गल्लीतून पाहुण्यांना मान खाली घालून चालवायचं, वर बघायचं नाही. मग एका चहाच्या टपरीमागून चढणारी पायवाट धरायची, ती वर एका कठडा घातलेल्या ओट्यावर नेते. तिथून धबधबा समोरासमोर. तो पोटभर बघून झाला की खाली तुषार अंगावर घ्यायला, मग काठाकाठाने पुढे, जिथे दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कातळांमधून नदी अंग चोरून जाते. तिथे पायवाटेला दोन फाटे फुटतात, त्यातला कुठला धरायचा हे उन्हावर अवलंबून. क्रम बदलायचा नाही. एकदा माझ्या भावाने मोबाईलमध्ये बघून म्हटलं, की इथे दुसरीच एक जागा चांगली सांगतात. हे म्हणाले, "मोबाईलला पाय आहेत का? तो कधी आला होता इथे?"

गंमत म्हणजे त्या ओट्यावर हे स्वतः धबधब्याकडे बघायचेच नाहीत. कठड्याला पाठ लावून पाहुण्यांकडे तोंड करून उभे राहायचे आणि मागे काय दिसतंय ते सांगायचे. म्हणायचे, "मी तो पाहिला आहे. मला तुमची तोंडं पाहायची आहेत." माणसाचं तोंड उघडं पडलं की ह्यांना जणू धबधबा आपणच बांधल्यासारखं व्हायचं. घरातही तसंच. पंख्याचा रंग, मुलीचं कॉलेज, रविवारची भाजी, सगळं हे ठरवणार आणि मग 'कसं आहे?' म्हणून आमची तोंडं बघणार. मी भांडायचे. उपयोग व्हायचा नाही.

मग ह्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा पडद्याचा आजार निघाला. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, डॉक्टर म्हणाले, चष्म्याने आणि ऑपरेशननं काही होणार नाही. म्हणजे कडेकडेचं दिसतं, आणि ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. हे घरात व्यवस्थित चालतात, पायऱ्या चढतात, कोपऱ्यातली छत्री बरोबर उचलतात. पण समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग असतो. काही नीट बघायचं असलं की मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. डॉक्टरांनी हे सगळं इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मला त्यांचा रागच आला.

दवाखान्यातून बाहेर आल्या आल्या ऑटोत बसायच्या आधी हे म्हणाले, "कोणाला सांगायचं नाही. माझ्या भावाला तर नाहीच नाही. शप्पथ घे."

भावाला काहून नाही, हे मला माहीत होतं. माझ्या सासऱ्यांना हेच झालं होतं. ते शेवटची वर्षं पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे. जेवायला वाढायचे सगळे, औषधही वेळेवर द्यायचे, कोणी हिडीसफिडीस केली नाही. फक्त त्यांना कोणी काही विचारायचं बंद झालं. घर रंगवलं तेव्हा विचारलं नाही, शेत विकलं तेव्हा विचारलं नाही. पाहुणे यायचे आणि त्यांच्यादेखत आम्हाला विचारायचे, "बाबा चहा घेतील का?" बाबा तिथेच बसलेले असायचे. ह्यांना आंधळं व्हायची भीती नव्हती, बाबा व्हायची होती. मी शप्पथ घेतली.

आणि खरं सांगते, दोन-अडीच वर्षं आम्ही ते झाकलं. कारण आमच्याजवळ मराठी होती. या गावात हिंदीच्या समुद्रात राहून घरची भाषा टिकवली म्हणून आम्ही उगाच मिरवायचो, पण तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. सदरच्या बाजारात मी ह्यांच्या बाजूने चालताना गप्पा मारल्यासारखं बोलायचे, "अहो, डावीकडून तुमचे ते पानवाले मित्र येऊन राहिले, हसले तुमच्याकडे पाहून." की हे लगेच, "अरे भैया! बहुत दिन बाद!" बँकेत, "बोट थोडं खाली, हां, इथे सही." लग्नात, "हिरव्या साडीतली मुलीची आई आहे, नमस्कार करा." लोक म्हणायचे, या वयातही किती बोलत असतात दोघं. सकाळी हे पेपर उघडून बसायचे आणि मी भाजी चिरता चिरता मोठ्या बातम्या त्यांच्या कानावर घालायचे. स्कूटर विकली तेव्हा 'कंबर धरते' असं सांगितलं. मराठी ही ह्यांची काठी होती आणि ती कोणाला दिसत नव्हती.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी पुण्याहून दीर आणि जाऊ आले, सोबत त्यांची नवी सून, थोरल्या सासऱ्यांच्या, म्हणजे ह्यांच्या, पाया पडायला. त्यांचा फोन आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. घरात सगळेच मराठी! आता मी कोणत्या भाषेत कुजबुजणार? मी ह्यांना म्हटलं, या वेळी भेडाघाट राहू द्या, पावसाळा आहे, सदरला जाऊ, खव्याची जिलेबी खाऊ. हे भडकलेच. "सून पहिल्यांदा येऊन राहिली आणि तिला जिलेबी दाखवू?"

त्या सकाळी पोह्यांच्या गडबडीत मी पेपर वाचून दाखवला नाही. नदीच्या वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी त्यात होती, आणि तो पेपर ह्यांच्या हातातच होता. गावात दोन दिवस पाऊस नव्हता, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, म्हणून माझ्याही डोक्यात आलं नाही. नदीला पूर आला की धुआंधार बुडतो, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. खालचं पाणी इतकं चढतं की पडायला जागाच उरत नाही. धबधब्याच्या ठिकाणी नुसती या काठापासून त्या काठापर्यंत लाल गढूळ नदी वाहते. गाडीवाला वाटेत म्हणाला होता, "आज पानी बहुत है, अम्मा." हे खूश होऊन म्हणाले, "मग तर मजाच."

दुकानांच्या गल्लीतून ह्यांनी तिघांना मान खाली घालायला लावून नेलं. सून हसत होती, तिला खेळ वाटला. दीर म्हणाला, "दादा, आवाज कमी वाटतोय आज."

"वारा उलटा आहे," हे म्हणाले. ह्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतंच.

टपरीमागची चढण माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. मी मागे राहिले, दर वेळी राहतेच. धापा टाकत ओट्यावर पोचले तेव्हा हे कठड्याला पाठ लावून उभे होते, एक हात मागे पसरून, आणि सांगून राहिले होते, "पाहा, अख्खी नर्मदा कशी एकदम खाली उडी घेते. आणि तो धूर पाहा, पाण्याचाच धूर. उजव्या अंगाला एक बारीक धार वेगळी पडते, माहेरी रुसून आलेल्या पोरीसारखी. दिसली?"

ह्यांच्या मागे काहीच नव्हतं. धूर नव्हता, धार नव्हती, उडी नव्हती. सपाट, मातकट पाणी, झाडाच्या फांद्या घेऊन चाललेलं.

मला हाक मारायची होती. हिंदी माणसं असती तर एका वाक्यात काम झालं असतं, 'अहो, पूर आहे, धबधबा बुडालाय, विषय बदला.' ह्यांनी लगेच हसून सावरून घेतलं असतं. पण इथे प्रत्येकाला प्रत्येक शब्द कळणार होता. मी खोकले. मग हातवारे केले, जे ह्यांना दिसणार नव्हते, हे माझ्याच लक्षात यायला वेळ लागला. इतकं लाचार मला ना बाळंतपणात वाटलं होतं, ना आई गेली तेव्हा.

सून बिचारी खरंच शोधत होती. "काका, कुठे? मला नाही दिसत."

हे मोठ्याने हसले. "अगं नाकासमोर! चष्मा पूस. एवढ्या वयात डोळे गेले का तुझे?"

कोणी हसलं नाही. दीर नदीकडे बघतच नव्हता, तो ह्यांच्याकडे बघत होता. मग माझी जाऊ, जिला पोटात काही ठेवता येत नाही, म्हणाली, "दादा, धबधबा नाहीच आहे तिथे. सगळं पाणीच पाणी आहे."

हे थांबले. हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग कठड्याला हात लावून सावकाश वळले, आणि मान वाकडी करून, हनुवटी खांद्याकडे नेऊन, कोपऱ्यातून नदी बघायला लागले. पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून माझे सासरे दाराकडे बघायचे, अगदी तसे. दिराने बाबांचं तसं बघणं लहानपणापासून पाहिलेलं नाही, मोठेपणी पाहिलंय, म्हणून त्याला जास्त आठवत असणार.

"दादा," तो म्हणाला, "बाबांसारखं?"

"हो," हे म्हणाले.

कोणी रडलं वगैरे नाही. दीर माणूस चांगला आहे, तेच तर झालं. तो लगेच कामाला लागला. पुण्यात कोणते डॉक्टर आहेत, कोणाच्या ओळखीने नंबर लागेल, जाऊने तिथेच फोन काढला. "सगळं मी बघतो, तू काळजी करायची नाहीस." मग त्याने ह्यांचा दंड धरला. "सावकाश. इथे दगड आहे." ह्या पायवाटेवरचा प्रत्येक दगड ह्यांना पाठ आहे आणि कडेचं तर दिसतंच दिसतं. मला ओरडून सांगायचं होतं, सोड त्यांना, ते चालू शकतात! पण एवढ्या मायेने धरलेला हात सोडवायचा कसा, ते मला कळेना. ह्यांनीही सोडवला नाही. मला वाटलं होतं झटकतील.

आम्ही काठाकाठाने पुढे निघालो. मला अजून आशा होती, की कातळांची जागा आली की हे पुन्हा सुरू होतील. वाटेचे दोन फाटे फुटतात तिथे सगळे थांबले. या जागी हे नेहमी मान वर करून ऊन बघायचे आणि काही न बोलता एका बाजूला चालू लागायचे. लोक मागे यायचे.

दीर माझ्याकडे वळला. "वहिनी, दादाला पुढचं झेपेल का?"

हे त्याच्या शेजारीच उभे होते, त्याच्याच हातात हात.

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा ना." आवाज जरा चढलाच माझा. दीर गोंधळला, मग ह्यांना म्हणाला, "हो, खरंच. दादा, कुठून जाऊ या? तू सांग."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. म्हटलं, आता बोला. वाटेल ते बोला, चुकीचं बोला, मला मूर्ख म्हणा, पण बोला. ह्यांनी मान खाली घातली. मग माझ्या आवाजाचा अंदाज घेत माझ्या बाजूला तोंड केलं.

"तू ठरव," म्हणाले.

दोन्ही वाटा मी पाहिल्या. इतक्या वेळा आले इथे, पण दर वेळी ह्यांच्या पाठीकडे बघत चालले. कुठली वाट कुठे निघते, कुठून नदी चांगली दिसते, मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. सगळे थांबले होते माझ्यासाठी.

"घरी चलायचं का?" मी विचारलं.

"बरं," हे म्हणाले.

जन्मभर माझ्या एका शब्दाला ह्यांनी वाद घातल्याशिवाय सोडलं नव्हतं. मी वाट पाहिली, की आता 'पण' येईल. 'पण ऊन अजून आहे', 'पण सुनेने कातळ पाहिले नाहीत', काहीतरी. आला नाही. हे तसेच उभे होते, आम्ही कोणत्या बाजूला वळवतो याची वाट पाहत.