पाच दिवस आणि हवेचे दोन

शाळेचा जुना हजेरीपट मेल्विना कीपिंगनं कपाटाच्या तळातून काढला. त्याच्या शेवटच्या भरलेल्या पानावर दोनच नावं होती. एक तिच्या मुलाचं, गार्लंडचं, आणि दुसरं स्ट्रिकलंडांच्या मुलीचं. त्या वर्षानंतर ऑटर बाइटची शाळा बंद झाली आणि मेल्विनाचं मास्तरीणपणही संपलं. पण पुढची पानं कोरी होती, वारांचे रकाने आखलेले होते, आणि शहरात जायचा बेत आखायला तिला याहून बरा कागद सुचला नाही.

शहर म्हणजे सेंट जॉन्स. गार्लंड आता तिथंच राहायचा. न्यूफाउंडलंडच्या त्या दक्षिण किनाऱ्यावर नुसतं ‘शहर’ म्हटलं की दुसरं कुठलं कुणाच्या डोक्यात येत नाही. गावाला रस्ता नव्हता. यायचं-जायचं ते बोटीनं, आणि बोट सुटायची ती हवा मानली तर. म्हणून ऑटर बाइटचं माणूस कुठंही निघालं की आधी हवेचे दोन दिवस बाजूला काढतं, मग उरलेल्यांचा हिशेब करतं. मेल्विनानंही तसंच केलं. सोमवारी दुपारची बोट. रात्री पलीकडच्या धक्क्याजवळ नणंदेकडे मुक्काम. पहाटे चारची भाड्याची गाडी. मंगळवारी दुपारी शहर.

मंगळवारच्या रकान्यात तिनं लिहिलं: पोचणे, त्याचा फ्रीज बघणे. बुधवारी: सिग्नल हिल, तो बरोबर आला तर पायी. गुरुवारी: बाजार, हेडलीकाकांची कवळीची डबी, एफीची लोकर. शुक्रवारी: केप स्पियर, सोबत जेवणाचा डबा. शनिवारच्या रकान्यात ती पेन टेकवून बराच वेळ थांबली आणि मग एवढंच लिहिलं: विचारणे.

काय विचारणे, ते लिहायची गरज नव्हती. मार्चमध्ये गार्लंडनं नऊ दिवस फोन उचलला नव्हता. तो इस्पितळाच्या धुलाईखात्यात रात्रपाळीला होता. तिथं फोन केला तेव्हा कुणीतरी म्हणालं, आजारी रजेवर आहे, याहून जास्त सांगता येत नाही. ते नऊही दिवस दक्षिणेचा वारा होता, बोट धक्क्याला बांधलेली, आणि मेल्विना स्वयंपाकघरात फोनच्या शेजारी उभी. दहाव्या दिवशी त्यानं फोन उचलला. “मन ठीक नव्हतं, आई. आता आहे,” म्हणाला, आणि हवापाण्याची चौकशी करू लागला. उन्हाळ्यात येतो म्हणाला होता. आला नाही. आता ऑक्टोबर लागला होता, आणि तो खरंच बरा आहे की नाही हे मेल्विनाला फोनवर ऐकायचं नव्हतं. डोळ्यांनी बघायचं होतं.

“नक्की कुठल्या तारखेला येतेस?” त्यानं विचारलं.

“सोमवारी निघते. हवा मानली तर.”

“मला रजा मागायची तर तारीख लागते, आई.”

“ती मी कुठून देऊ? वाऱ्याला विचार.”

“साहेबाला वाऱ्याचा नंबर देतो.” तो हसला. हसू जरा उशिरा आलं. फोन ठेवल्यावर मेल्विनाच्या मनात ते उशिरा येणंच राहिलं.

त्यानं मंगळवार, बुधवार, गुरुवार अशी तीन दिवसांची रजा घेतली.

इकडे बेतात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे हेडलीकाकांचा पडदा. हेडली एक्क्याऐंशी वर्षांचे, मेल्विनाच्या समोर राहणारे. गावात अकरा माणसं उरली होती आणि बहुतेक एकेकटी. त्यामुळे कुणी न ठरवता एक रीत पडली होती. सकाळी उठलं की पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा गुंडाळून वर करायचा. समोरच्यानं तो बघायचा. आठ वाजेपर्यंत वर गेला नाही तर दार वाजवत बसायचं नाही, सरळ आत शिरायचं. मेल्विनाचा नवरा लेस्टर गेला त्या सकाळी ती त्याच्या उशाशी बसून होती, पडद्याची आठवणच नव्हती. आठ वाजून पाच मिनिटांनी हेडलीकाका बूट न काढता आत आले होते आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. आता मेल्विना गेली, तर काकांची खिडकी दिसेल असं दुसरं घर नव्हतं.

“एफी येऊन बघून जाईल रोज,” मेल्विना म्हणाली. एफी म्हणजे टपालवाली, वळणापलीकडे राहायची.

“ती नको. ती बघायला आली की बसते. दोन कप चहा आणि तिचा गुडघा, दोन्ही संपेपर्यंत उठत नाही.”

“मग काय करायचं, काका?”

“सहा दिवस मी मरत नाही. शब्द देतो, पोरी. सातव्या दिवसाचं माझ्याकडे मागू नकोस.”

मेल्विना चौसष्टची होती, पण काका तिला पोरीच म्हणायचे. ते दारापर्यंत गेले आणि टोपी हातात फिरवत परत वळले.

“तुझ्या घराची किल्ली दे. म्हणजे दार उघडंच असतं तुझं, पण आपलं विचारतो. सकाळी येऊन तुझा पडदा वर करीन आणि घरी जाऊन बसेन. नाहीतर मी उठून बघायचं काय?”

एफीनं शहराचं ज्ञान दिलं. ती अकरा वर्षांपूर्वी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला जाऊन आली होती. “तिथं कुणाला आपण होऊन नमस्कार करू नकोस, घाबरतात. आणि घरात शिरू नकोस कुणाच्या. घंटी वाजवायची, मग उभं राहायचं.”

“पोटच्या पोराच्याही?”

“पोराच्याही. शहरातला आहे आता तो.”

सोमवारी वारा उठला. मेल्विनाची पेटी दारात तयार होती. काकवीचे दोन पाव, खारवलेला मासा, आणि दलदलीत वाकून वाकून वेचलेल्या पिवळ्या फळांच्या मुरंब्याच्या चार बरण्या. बोट आली नाही. मंगळवारी आली नाही. बुधवारी तिनं एक पाव हेडलीकाकांना दिला आणि नवा भाजला. हवेचे दोन दिवस होते, ते संपून तिसराही गेला. रोज संध्याकाळी ती गार्लंडला फोन करायची.

“आज घर झाडलं,” तो मंगळवारी म्हणाला. “तुझ्यासाठी सोफ्यावर उशी आणली,” बुधवारी म्हणाला. गुरुवारी दुपारी बोट सुटणार असं कळलं तेव्हा तो म्हणाला, “माझी रजा आज संपते, आई. आज रात्रीपासून कामावर. पण उद्या बारा वाजता जागा असेन मी. घंटी वाजव.”

तीन दिवस तो एकटा, झाडलेल्या घरात, नव्या उशीकडे बघत बसला असेल, हे तिला बोटीत सुचलं. खाडीचं तोंड मागे पडलं, गावातल्या खिडक्या दिसेनाशा झाल्या, तरी तेच डोक्यात होतं.

शुक्रवारी साडेअकराला गाडीवाल्यानं तिला शहरातल्या चढाच्या गल्लीत सोडलं. घर लाकडी, निळं. गार्लंड तळघरात भाड्यानं राहायचा. बाजूच्या बोळातून तीन पायऱ्या खाली त्याचं दार, दाराला वरच्या अर्ध्या भागात काच, आणि शेजारी, रस्त्यावरूनही दिसणारी जमिनीलगत खिडकी.

खिडकीचा पडदा खाली होता.

तिनं घंटी वाजवली. एफीनं सांगितल्यासारखी उभी राहिली. पुन्हा वाजवली. मग काचेवर टकटक केलं, नाव घेतलं. आतून काही नाही. घड्याळात पावणेबारा. पावणेबारा वाजता पडदा खाली, ही गोष्ट चौसष्ट वर्षांत तिनं दोन-तीनदाच पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी आत काय असतं हे तिला ठाऊक होतं. मार्चमधले नऊ दिवस एकदम तिच्या अंगावर आले. तिनं पेटी खाली ठेवली, मुरंब्याची एक बरणी काढून रुमालात गुंडाळली आणि तिच्या बुडानं दाराची काच फोडली. हात आत घालून कडी काढताना मनगट कापलं, ते तिला नंतर कळलं.

गार्लंड पलंगावर पालथा झोपला होता, कानांत मेणाचे बोळे. तिनं त्याचा खांदा धरून असा हलवला की तो किंचाळत उठला.

“आई? काय झालं? रक्त कसलं आहे?”

 ती दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून बघत राहिली. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पण झोपेनंच सुजलेले.

वरून घरमालकीण मिसेस पॉवर एकाच पायात सपात घालून जिना उतरल्या. हातात लाटणं होतं. “गार्लंड, पोलिसांना बोलवू?”

“नको. आई आहे माझी.”

“आईला दार फोडायची सवय आहे का?”

“पडदा खाली होता हो,” मेल्विना म्हणाली.

मिसेस पॉवरनी पडद्याकडे पाहिलं, मग गार्लंडकडे, आणि मनगटाला बांधायला पट्टी आणते म्हणून वर गेल्या.

गार्लंडनं काचा सुपलीत गोळा केल्या.  “रात्रपाळीवरून आलो, आई. अकराचा गजर लावला होता. बोळे काढायचे राहिले,” तो म्हणाला. “इथं पडदा खाली असला तर माणूस झोपलेला असतो. बस्स.”

“चुकलं माझं. काच भरून देते.”

“काचेचं नाही गं.” तो सुपली धरून तसाच उकिडवा बसला होता. “मार्चमध्ये नऊ दिवस खाली होता तो. मी पडून होतो आणि वेड्यासारखा वाट बघत होतो. आठ वाजायचे, मला वाटायचं, आता कुणीतरी आत येईल. काका येतील बूट घालून. नंतर लक्षात यायचं, आपण कुठं आहोत ते.”

मेल्विनाला शनिवारी जे विचारायचं होतं ते तिनं मग विचारलं नाही. तिनं उठून चहाचं आधण ठेवलं.

बेतातलं फारसं काही झालं नाही. सोमवारी तिला परतीची गाडी धरायचीच होती, हेडलीकाकांचे सहा दिवस सरत आले होते. गार्लंड तिन्ही रात्री कामावर गेला आणि सकाळी येऊन झोपला. ती चोरपावलांनी वावरायची, मासा भिजवायची, त्याचा श्वास ऐकायची. दुपारी एकटी बाहेर पडून तिनं डबी घेतली, लोकर घेतली. बंदराच्या रस्त्यावर माणसांची गर्दी होती. कुणाला आपण होऊन नमस्कार करायचा नाही, हे तिनं पाळलं. संध्याकाळ होईपर्यंत आपला आवाज आपण ऐकलेला नाही हे तिच्या ध्यानात आलं. गार्लंडची शहरातली बारा वर्षं अशीच गेली असतील, असं वाटून ती एका बाकावर बसली आणि लोकरीची पिशवी उगाच उलगडून पुन्हा घडी घालत राहिली.

शनिवारी तो लवकर उठला. दोघांनी नवी काच आणून बसवली. काचेच्या कडांना लांबी भरताना तो लेस्टरसारखाच ओठ चावत होता. रविवारी ती दोघं सिग्नल हिल चढून गेली. वर इतकं धुकं होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता.

“इथं तुझा पडदा कोण बघतं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही. लोक वाईट नाहीत, आई. त्यांना ते माहीतच नाही.”

“परत येशील का घरी?”

“काय करू येऊन? बारावा माणूस?”

 त्यानं तिच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि दोघं उतरू लागली.

सोमवारी ती सवयीनं साडेसहाला उठली. घरात कुणी नव्हतं. तिनं अंथरूण घडी केलं आणि जाऊन पडदा वर केला. बोळात अजून अंधुक होतं. आठला गार्लंड आला, जॅकेट न काढता टेबलापाशी बसला.

“कोपऱ्यावरून दिसला,” तो म्हणाला.

“काय?”

“पडदा. वर होता.”

तिनं त्याला काकवीचा पाव कापून दिला. तो तीन तुकडे खाईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग गाडीवाल्यानं वर रस्त्यावर भोंगा वाजवला. हजेरीपट पेटीत, रिकाम्या झालेल्या जागेत गेला. त्यात तिनं नव्यानं काही लिहिलं नव्हतं.

“जा झोप आता. डोळे बघ तुझे.”

“झोपतो.”

“पडदा ओढून घे. उजेडात तुला झोप लागत नाही. लहानपणीसुद्धा लागायची नाही.”

“हो आई.”

ती गाडीत मागच्या सीटवर बसली, पेटी शेजारी. गाडी चढ उतरू लागली तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं. जमिनीलगतची ती खिडकी उघडी होती, दिवा लागलेला होता, आणि गाडी वळेपर्यंत तरी त्यानं पडदा वरच ठेवला होता.