माझ्या दारात रडायचं नाही

बशीत चहा ओतून फुंकत प्यायची सवय पोरगीला माझ्याकडूनच लागली. एका सकाळी तिनं बशीवर तीन-चार फुंकरा मारल्या आणि बशी हातातून सुटली. उजवा हात मेल्यासारखा लोंबत होता, बोलायला गेली तर शब्द येईनात. अर्ध्या तासात सगळं पुन्हा जागच्या जागी. बायको म्हणाली, "अशक्तपणा हाय, दिसभर मशीनवर वाकून बसती, खात न्हाई काय." पोरगी अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवायची. मीही व्हय म्हणालो. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तिला कराडला नेलं, तिथून सांगलीला.

तिथल्या विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. आजाराचं नाव मोयामोया. जपानी शब्द आहे म्हणाले, धुराच्या लोटासारखं दिसतं म्हणून. फार क्वचित कुणाला होतो. मी चौथी शिकलेला, पण उभी हयात उपसा योजनेच्या पाइपलाइनीच्या चाव्या फिरवून पाणी सोडण्यात गेली. फोटो बघून मी म्हणालो, "मोठी लाइन आतनं बुजत चाललीया, आन पाण्यानं आजूबाजूनं बारीक बारीक वाटा काढल्याती."

डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्हाला बरोबर समजलं."

पोरगीच्या डोक्याचा फोटो समोर आणि मला ते ऐकून बरं वाटलं. आता आठवलं की लाज वाटते.

डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर प्यायचं, उपास नाही, फुंकायचं नाही, धाप लागेल असं काही करायचं नाही. आणि हुंदके देऊन रडायचं नाही. श्वास जोरजोरात चालला की आधीच कमी पडणारं रक्त आणखी कमी पडतं.

पोरगी माझ्याकडं बघून हसली. "मला रडवणारं घरात एकटं आबाच हाईत."

मग मी इलाज शोधायला लागलो. दुपारी पोरगी मोबाइलवर वाचायची, मी वहीत उतरवून घ्यायचो. ती वही आणि फोटोंची पिशवी घेऊन सांगली, कोल्हापूर, पुणं केलं. प्रत्येक डॉक्टरला माझा एकच प्रश्न, हे ऑपरेशन तुमी स्वतःच्या हातानं किती वेळा केलं? एक जण चिडला. "काका, परीक्षा घ्यायला आलाय काय माझी?"

"न्हाई साहेब. पोरगी माझी हाय, परीक्षा माझीच चाललीया."

शेवटी पुण्याचे एक डॉक्टर पटले. कानापुढची रक्तवाहिनी घेऊन ती मेंदूवरच्या वाहिनीला जोडायची, म्हणजे बुजलेल्या लाइनीला बगल देऊन नवी लाइन टाकायची. तारीख मिळाली.

यातलं भावकीत मी कुणालाही कळू दिलं नाही. आमच्याकडं डोक्याचा आजार म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात, आणि पोरगीचं लग्न व्हायचं होतं. बायको म्हणाली, "आवं, निदान माझ्या भैनीला तरी सांगू द्या. जिवाला हलकं वाटंल."

"तिला सांगितलं की तिच्या सगळ्या माधवनगरला कळलं," मी म्हणालो. तिनं बहिणीला सांगितलं नाही.

ऑपरेशनला अठरा दिवस होते तेव्हा बायको गेली. सकाळी पीठ चाळता चाळता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

आमच्याकडं मयताला बाई येते ती वेशीपासून आवाज काढत येते. लेकीच्या गळ्यात पडते, दोघी हंबरडा फोडतात. लेक रडली नाही तर चार दिवस गावात तेच बोलणं. मी पोरगीला मागच्या खोलीत पाण्याचा तांब्या देऊन बसवलं आणि दारात उभा राहिलो. पहिली बाई आवाज काढत आली, तिला अडवलं. "माझ्या दारात रडायचं न्हाई. कुणीच न्हाई."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, मयत हाय का सोसायटीची मीटिंग?"

"काय बी समज."

"तीस वर्सं तुमचं केलं तिनं. बाकीच्यांना तरी रडू द्या की."

एका वाक्यात सांगता आलं असतं. मान ताठ ठेवून उभा राहिलो, सांगितलं नाही.

तिरडीच्या बांबूंचं विचारायला माणसं आली म्हणून मी अंगणात उतरलो. तेवढ्यात मेव्हणी परसदारानं आत गेली. आधी तिचा आवाज आला, "बाई गं, तुझी आय गेली गं!" मग माझ्या पोरगीचा. सकाळपासून दाबून धरलेलं रडू होतं ते. मी धावलो. तोवर तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. माझ्याकडं बघून ती नुसती "आ, आ" करत होती.

"दाजी, काय झालं हो पोरीला?"

मी मेव्हणीला दंडाला धरून बाजूला ढकललं. "मारलंस माझ्या पोरीला!" सगळ्या गावासमोर.

ती भिंतीला टेकली. म्हणाली, "मला कुणी सांगितलं हुतं का?"

पोरगीला गाडीत घालून मी सांगली गाठली. बायकोला अग्नी चुलतभावानं दिला. मी तिथं नव्हतो, लेकही नव्हती. गाडीत मी सारखं घड्याळ बघत होतो. अर्धा तास झाला, तास झाला. या खेपेला हात परत आला नाही.

ऑपरेशन लांबलं, पण झालं. नवी लाइन चांगली चालली आहे म्हणतात. पुढचा धोका बराच टळला, पण गेलेलं परत येत नाही. ती आता सावकाश बोलते. उजव्या बोटांत सुई धरता येत नाही. मशीनवर चादर टाकलेली आहे.

मागच्या महिन्यात मी माधवनगरला गेलो. एसटीत बसून काय बोलायचं ते जुळवत होतो. मेव्हणीनं दार उघडलं, पाणी दिलं.

"कशी हाय ती?"

"बोलती. हात न्हाई."

मी पेला हातातच धरला. मग म्हणालो, "चूक तुझी नव्हती. माझी हुती."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते मला कशाला सांगताय, दाजी? ताईला सांगायचं हुतं. लय एकटी सोसत गेली ती."

पाणी पिऊन मी उठलो. ती दारापर्यंत आली नाही.