अंतऱ्यातलं नाव

गुरुजींनी पेन्सिल मागितली. मीच दिली. माझ्याच पेन्सिलीनं त्यांनी माझं नाव खोडलं.

मंचरला त्यांच्या माडीवर गाण्याचा क्लास चालायचा. मुलगे पुढं, मुली मागं भिंतीला टेकून. नव्वदीचा काळ, मी अकरावीला. कळंबहून एसटीनं यायचे. शेतातनं तशीच पळत यायचे, त्यामुळं टाचांना माती असायची. ती दिसू नये म्हणून परकर ओढून बसायचे. त्या दिवशी मात्र उठून पुढं गेले, वही गुरुजींसमोर धरली आणि म्हणाले, "गुरुजी, मी एक चीज बांधलीय."

मुलगे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वाचली, आणि म्हणाले, "गा."

गायले. राग भीमपलास. टोमॅटो तोडताना, ऊन डोक्यावर असताना सुचलेली. "धूप चढ़ी सिर, पनघट सूना" अशी सुरुवात. आमच्या घरात हिंदी कोण बोलतंय! पण चिजा, म्हणजे रागातल्या बंदिशी, हिंदीतच असतात, म्हणून मीही हिंदीतच बांधली. जे शब्द चिजांमधून कळले होते तेवढ्यावरच भागवलं.

संपली तेव्हा कुणी हललं नाही. गुरुजी डोळे मिटून बसले होते. त्यांच्या बोटांनी सम धरली होती, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, जिथं गाणारा आणि तबला येऊन भेटतात. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"पेन्सिल दे," ते म्हणाले.

चिजेचा दुसरा भाग म्हणजे अंतरा. जो चीज बांधतो तो अंतऱ्यात आपलं नाव गुंफतो. त्याला मुद्रा म्हणतात. मी माझं नाव गुंफलं होतं. तीन मात्रांचं. शाईनं, वळणदार अक्षरात. गुरुजींनी त्यावर आडवी रेघ मारली आणि वर स्वतःची मुद्रा लिहिली. पाच मात्रांची.

"बाईची मुद्रा टिकत नाही," ते म्हणाले. "उद्या लग्न होईल, नाव बदलेल. मग ही चीज कुणाची? बिनबापाची? चिजेला बाप लागतो."

पोरं खोखो हसली. मागच्या मुलीही हसल्या. आणि मी, मूर्ख, मीही हसले. खोडलं त्याचा राग यायला मला वर्षं लागली. पण त्या हसण्याची लाज त्याच दिवशी एसटीत वाटली, आणि अजून वाटते.

वही त्यांनी ठेवून घेतली.

घरी आबांना सांगितलं. माझे वडील. गावच्या भजनात पखवाज वाजवायचे, माझं गाणं म्हणजे त्यांचा जीव. अर्धंच सांगितलं. "गुरुजींनी माझी चीज घेतली."

"घेतली?" आबा उठून उभेच राहिले. "अगं, एवढ्या मोठ्या माणसानं घेतली? लई मोठी गोष्ट झाली!" दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं क्रेट घेऊन आबा स्वतः मंचरला गेले, गुरुजींच्या पाया पडून आले. आता मी काय सांगणार? कुणाला सांगणार? गप्प बसले.

गुरुपौर्णिमेला गुरुजी ती चीज गायले. मंगल कार्यालय भरलेलं. मी त्यांच्या मागं तानपुरा घेऊन. मुलींचं काम तेवढंच, मागं बसून तारा छेडायच्या. गळ्यानं नाही, बोटांनी. तबल्यावर शेजारच्या गावचे एक म्हातारे वादक होते. गुरुजींनी सांगून टाकलं, "अलीकडेच बांधली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या आबांनीही वाजवल्या. माझ्याकडे बघून, डोळे पुसत.

मग अंतरा आला. मला माहीत होतं काय होणार ते. तीन मात्रांच्या जागेत पाच मात्रांचं नाव कसं बसेल? गुरुजी मुद्रेवर आले, नाव लांबलं, आणि सम निघून गेली. तबला पुढं, गुरुजी मागं. एवढा मोठा गवई, बेताल झाला. म्हाताऱ्या तबलजीनं वर बघितलं. गुरुजी थांबले आणि मान मागं वळवली.

"हिचा तानपुरा हलला," ते माइकवर म्हणाले.

सगळं कार्यालय माझ्याकडे बघायला लागलं. आबाही. आबांची मान खाली गेली. लेकीनं नाक कापलं, असं त्यांना वाटलं असणार. तानपुरा हलला नव्हता हो! तारा जुळलेल्या होत्या. पण माइक त्यांच्यापुढं होता. माझ्यापुढं नव्हता. माझ्या मांडीवर तो भोपळा, हातात तारा, आणि तोंडाला कुलूप. उठून जाता येईना. मी तारा छेडत राहिले. शेवटपर्यंत.

कार्यक्रम झाल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. काकू म्हणजे गुरुजींच्या बायको. त्या कधी बोलायच्या नाहीत. क्लासला चहा करायच्या आणि आत जायच्या. त्यांनी माझ्या हातात कप दिला आणि कढईतला रस्सा ढवळता ढवळता म्हणाल्या, "माझ्या चार आहेत त्यांच्या वहीत."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे चार," त्या म्हणाल्या. "चहा पी. थंड होईल."

परत त्यावर त्या बोलल्या नाहीत. गुरुजींनी ती चीज परत कुठं गायली नाही. आणि मी त्या माडीवर परत चढले नाही. आबांना वाटलं, लाजेनं सोडलं. वाटू दिलं.

बारावीनंतर लग्न झालं. आळे गावात दिलं. नवऱ्याचं फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. पण सासरी आल्या आल्या पूजेला तांदळाचं ताट पुढं आलं. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात माझं नवीन नाव लिहिलं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "छान हाय की!" मी तांदळाकडे बघत होते. गुरुजींचे शब्द कानात. उद्या लग्न होईल, नाव बदलेल. बदललं.

आळ्यात भजन होतं, पण पुरुषांचं. बायकांनी कीर्तनाला मागं बसायचं, टाळ्या वाजवायच्या. घरात गुणगुणले तर सासूबाई म्हणायच्या, "अगं, भायेर आवाज जातोय." मग कुकरची शिट्टी होत असली की गायचे. पिठाची गिरणी चालू असली की गायचे. मोटारी टेस्ट करताना दुकानात जो घरघराट व्हायचा, त्यात तर पूर्ण भीमपलास गाऊन घ्यायचे. माझा रियाज मशिनीच्या आवाजाखाली झाला.

चिजा सुचायच्या. सुचायचं कुठं थांबतं? पण मी फक्त अस्थायी बांधायचे, पहिला भाग. अंतरा बांधायचेच नाही. अंतऱ्यात नाव घालावं लागतं. कुठलं घालू? माहेरचं खोडलेलं. सासरचं तांदळातलं. दोन्ही नावं कुणीतरी दुसऱ्यानं लिहिलेली. म्हणून माझ्या सगळ्या चिजा अर्ध्या. अर्धी चीज गायला घेतली की एका जागी येऊन अडकायची. मग परत पहिल्यापासून. बारा-तेरा वर्षं मी तिथल्या तिथं फिरत होते.

मग एका सकाळी गुरुजींचा मुलगा दारात आला.

क्लासमध्ये पहिल्या रांगेत बसून हसणारा तोच. आता कपाळ मोठं झालेलं, अंगात सिल्कचा झब्बा. हातात टेपरेकॉर्डर आणि एक वही. वही मी लगेच ओळखली. माझी वही. निळं कव्हर.

तो नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, वडिलांना अर्धांगवायू झालाय. वाचा गेली. आई मागच्या साली गेली. वडिलांच्या सगळ्या रचनांचं पुस्तक काढतोय, स्वरलिपीसकट. एक भीमपलासमधली आहे, शब्द आहेत पण चाल कुणालाच माहीत नाही. ताईंना येत असणार. त्या तानपुऱ्यावर होत्या."

तानपुऱ्यावर होत्या!

नवरा म्हणाला, "अगं, म्हण की. पाच मिनिटांचं काम."

सासूबाई आतून आल्या. "म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय. त्येच्या पुण्याईचं काम हाय. म्हणून टाक, बाई."

सगळी माझ्याकडे बघत होती. तसंच, त्या मंगल कार्यालयातल्यासारखं. नवरा दारात, सासू आतल्या उंबऱ्यावर, मधे पाहुणा. त्यानं टेपची बटणं दाबली. कॅसेट फिरायला लागली. माझ्या घशात चीज आली होती, खरं सांगते. तेरा वर्षांत कुणी मला समोर बसवून "गा" म्हटलं नव्हतं. गायचा मोह झाला. लई मोह झाला. तोंड उघडलं सुद्धा.

"ऋणनिर्देशात तुमचं नाव टाकणार आहे," तो म्हणाला. "इथं काय नाव म्हणतात तुम्हाला?"

मी तोंड मिटलं.

"वही द्या," मी म्हणाले. त्यानं दिली. पान काढलं. शाई तशीच होती. वरची पेन्सिल पुसट झाली होती. रेघेखालून माझं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"हे वाचलंत का?"

त्यानं झब्ब्याची बाही सारखी केली.

"वाचलंत का?"

"वाचलं. त्या वेळी तशीच पद्धत होती, ताई. आता उकरून काय उपयोग?"

"उकरायला कोण आलंय? तुम्ही आलात. चीज माझी आहे. माझ्या नावानं छापणार असाल तर आत्ता गाते. अंतऱ्यासकट."

"वडिलांचं पुस्तक आहे. त्यात दुसऱ्याची मुद्रा कशी येईल?"

"मग आधी तुमच्या आईच्या चार कोणत्या, त्या शोधा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "आईचा काय संबंध?"

"तुम्हाला माहीत नाही?"

त्याला माहीत होतं. लहानपणी स्वयंपाकघरातून ऐकलेलं असणारच. त्यानं बटण बंद केलं आणि वहीसाठी हात पुढं केला.

"वही माझी आहे," मी म्हणाले. "ही मिळायची नाही."

नवरा म्हणाला, "अगं, पावण्याशी असं बोलतात का?"

"बोलतात," मी म्हणाले.

गेला तो. चहा न घेता. नवरा चार दिवस बोलला नाही. सासूबाई अजून म्हणतात, मरणाच्या दारातल्या माणसाला नाही म्हटलंस. म्हटलं. त्या माणसानं मला धडधाकट असताना नाही म्हटलं होतं.

पुस्तक निघालं. माझी चीज त्यात आहे. शब्द त्यांच्या मुद्रेनं छापलेत, स्वरलिपीची जागा कोरी. काकूंच्या चार कुठल्या, ते मला पान उलटून उलटून कळलं नाही. आता कधीच कुणाला कळायचं नाही. पुस्तक चाळलं त्या रात्री झोप नाही लागली, हे खरं आहे. आबाही आता नाहीत. तानपुरा हलला नव्हता, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून अंतरे बांधायला घेतले. राहिलेल्या सगळ्यांचे. एकेक. प्रत्येकात माझं नाव, माहेरचं, तीन मात्रांचं, शाईनं. आता गिरणी चालू व्हायची वाट बघत नाही. बाहेर आवाज गेला तर जाऊ दे.

ते नाव मी इथं लिहीत नाही. फुकट मिळालं की लोक खोडतात. ज्याला पाहिजे त्यानं माझ्यासमोर बसावं, अंतरा पूर्ण ऐकावा, समेवर यावं. कुणालाही शिकवीन. पण नाव गाळून देणार नाही. नावासकट कुणाला नको असतील तर माझ्या चिजा माझ्याबरोबर सरणावर जातील.