मागच्या चाकाला भिणारा मामा

माझ्या मामाएवढा घाबरट माणूस मी अख्ख्या जालना जिल्ह्यात पाह्यला न्हाई. आणि हे मी कौतुकानं सांगून राह्यलो बरं का. लोक सापाला भितात, साहेबाला भितात, बायकोला भितात. मामा जीपच्या मागच्या एक्सलला, म्हंजे दोन्ही चाकं बसतात त्या आसाला भ्यायचा. तो आता न्हाई. पण त्याची ही भीती सांगितल्याशिवाय तो कसा होता ते कळणारच न्हाई, म्हणून पटापट लिहून टाकतो.

मामा एका बियाण्याच्या कंपनीत होता. शेतकऱ्यांच्या रानात कंपनीचे बियाण्याचे प्लॉट असतात, ते फिरून बघायचं त्याचं काम. मंठ्यापासून टेंभुर्णीपर्यंत सगळे रस्ते काळ्या चिकट मातीचे, नाल्यातले, डोंगरातले. त्यासाठी ती जुनी फोर बाय फोर, चारी चाकांना जोर देणारी जीप. कुठंही थांबली की मामा आधी खाली उतरून मागच्या चाकाच्या मधोमध उलटा हात ठेवायचा, आई लेकराच्या कपाळाला लावते तसा. शेतकरी चहा घेऊन उभा, आणि साहेब चाकाचा ताप बघून राह्यले. “साहेब, काढा पाजू का तिला?” असं कोणीतरी म्हणायचंच. मामा हसायचा न्हाई.

त्याला कारण होतं. मंठा रोडनं एकदा तो दोस्तासोबत जीपमधून चालल्ता, तर बाजूनं एक चाक यांच्या पुढं निघून गेलं. दोघं बी हसले म्हणे, कोणाचं रे हे. मंग जीप मागून खाली बसली. चाक यांचंच होतं. ते पुढं गाडीची वाट बघत उभ्या बायांच्या मधून गेलं आणि बाभळीत अडकलं. कोणाला साधं खरचटलं बी न्हाई. मामा म्हणायचा, “कोणाला लागलं असतं तर गाडी चालवणंच सोडलं असतं. लागलं न्हाई, म्हणून रोज चालवतो आणि रोज भितो.”

आता माझं ऐका. मला ऑफरोडिंगचं, रस्ता सोडून डोंगर-नाल्यातून गाडी घालायचं याड. रविवारी जीप माझ्या हातात असायची, आणि मला तिला मोठे टायर अन् मागं लॉकर टाकायचा होता. लॉकर म्हंजे एक चाक हवेत फिरून राह्यलं तरी दुसऱ्याला सगळा जोर मिळतो, जीप बकरीसारखी चढते. मी मामाला सारखे व्हिडिओ पाठवायचो. त्याचं उत्तर एकच यायचं, “एवढा जोर कोणाच्या मानेवर?” म्हंजे एक्सलच्या आत चाक फिरवणारा दांडा असतो, त्या शाफ्टच्या. आमच्या जुन्या एक्सलमधे चाक त्या शाफ्टलाच लटकलेलं. शाफ्ट तुटला की चाक गेलं, चाकासोबत ब्रेक बी गेला. मामाला फुल फ्लोटिंग एक्सल पाहिजे होता. त्यात चाक बाहेरच्या जाड नळीवर बसते, शाफ्टला फक्त फिरवायचं काम. “शाफ्ट कोणताबी आण, एक दिवस तुटतोच,” मामा म्हणायचा. “तुटल्यावर चाक कुठं राह्यते ते बोल.”

त्यासाठी आम्ही जालन्यात मस्तगडला इस्माईलचाचाच्या गॅरेजात किती चकरा मारल्या. चाचा जुन्या मोठ्या गाड्यांचे एक्सल आणून ठेवायचे, मामा नापास करून जायचा. एकाला वेल्डिंग केलेलं, एक नखभर वाकडा, आणि एक तर मामाला नुसता “बराबर वाटून राह्यला न्हाई.” शेवटी चाचा वैतागले, “साब, इत्ता डरते तो बैलगाडी लेव ना.” मामा एकदम गंभीर. म्हणला, “चाचा, चाक तिचं बी निघते.” चाचांनी कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या हप्त्यात त्याला पाहिजे तसा एक्सल आणून जीपला बसवून दिला. लॉकर नंतर बघू, मामा म्हणला. मी चार दिवस त्याच्याशी नीट बोललो न्हाई.

मंग तो ऑक्टोबर. टेंभुर्णीच्या पुढं डोंगरापल्याड मिरचीचा प्लॉट होता, पावसानं रस्ता धुवून नेल्ता. मी चालवून राह्यल्तो. मामा बाजूला, सकाळपासून छाती चोळत. ॲसिडिटी आहे म्हणला, मी बी हो म्हणलो. चढाच्या अर्ध्यात मागचं चाक दगडात फसलं, मी जोर दिला, आणि खालून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. जीप मागं सरकायला लागली. मागं वळण, वळणापलीकडं काहीच न्हाई, नुसती हवा. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि ती थांबली. शाफ्ट तुटल्ता. चाक जागेवर होतं.

मी मामाकडं पाह्यलं तर तो घामानं निथळून राह्यल्ता, तोंड राखेसारखं, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

“चाक आहे का?”

“आहे मामा.”

“मंग उतरव हळू. पुढच्या चाकांवर चालते ती.”

मोबाईलला रेंज न्हाई, डोंगरावर माणूस न्हाई. पुढच्या चाकांचा गिअर टाकून मी ती जीप मागं मागं उतरवली, मंग टेंभुर्णीकडं पळवली. मागं तुटलेलं लोखंड खडखडून राह्यलं. आणि मामा डोळे मिटून मलाच सांगत होता, खड्डा आहे, दाबू नको, तुझ्या आईला तू एकच आहे. रोज चाकाला भिणारा माणूस, त्याच्या भीतीत तो स्वतः कधी नव्हताच, हे मला त्या रस्त्यावर कळलं. बिलकुल चुकीच्या वेळी कळलं.

दवाखान्यात त्याला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी त्याच्यावर वाकून विचारलं, घाबरले का काका?

“मी न्हाई,” मामा म्हणला. “हा पोरगा घाबरला. त्याला पाणी द्या आधी.”

त्याला आत नेलं. एका सिस्टरनं खरंच मला पाणी आणून दिलं. ते ग्लासभर पाणी संपायच्या आत डॉक्टर बाहेर आले.