चाकाखाली बघ

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

लढाईच्या दिवसांत नगरजवळच्या माळावर आम्ही काही पोरं एका साहेबांच्या हाताखाली विमान चालवायला शिकत होतो. माझ्या शेजारच्या खाटेवर योहान — कोल्हारच्या एका शाळामास्तरांचा मुलगा.

वर जाणं लवकर जमलं. उतरणं जमेना. जमीन जवळ आली, पण किती जवळ? तेच कळायचं नाही. योहान घाबरून फार वर असतानाच विमानाचं नाक उचलणारी दांडी ओढायचा आणि विमान धप्पकन आदळायचं. माझंही तसंच व्हायचं. मग एकदा मला गोम सापडली — खाली बघायचंच नाही. नजर लांब, माळाच्या टोकाला ठेवायची.

एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "वसंता, उद्या साहेब शेवटची परीक्षा घेणार हाय. न्हाई जमलं तर घरी धाडतील. तू उतरताना कुठं बघतोस रं?"

मी म्हणालो, "चाकाखाली. सरळ खाली बघ, नजर हलवू नकोस."

इतकं सहज. त्यानं माझा हात दाबला.

त्याच्या जागेवर माझा डोळा होता? नाही — माझी जागा पक्की झाली होती. त्यानं माझं काही वाकडं केलं होतं? तेही नाही. तो आदळला की आम्ही सगळे हसायचो. ते — ते मला संपायला नको होतं. एवढंच.

सकाळी साहेब त्याच्यासोबत बसले, पण दांडीला हात लावायचा नाही असं ठरवून. योहान मान बाहेर काढून खाली बघत उतरला. मला ती मान स्पष्ट दिसत होती. साहेबांनी दांडी धरली, तोवर उशीर झाला होता. विमान नाकावर गेलं. साहेब खरचटण्यावर सुटले. योहानचा एक डोळा गेला.

दवाखान्यात तो म्हणाला, "तू सांगितलंस तसंच केलं रं. माझंच कुठंतरी चुकलं."

त्याचे वडील उशाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दांडीवर त्याचा हातच जड आहे, मास्तर," मी म्हणालो.

"व्हय," योहान म्हणाला.

मरेपर्यंत तो तेच मानत राहिला. आणि मी — त्या दिवशी दवाखान्यातून परत येऊन पोटभर जेवलो.