थोरल्या पातीचा बिगूल

महायुद्धाच्या आधीची काही वर्षं मी देवासला धाकट्या पातीच्या फौजेत बिगुलर होतो. घर धारला. आई आणि बायको तिकडेच. देवासात तेव्हा दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. शहर एकच, पण मधल्या रस्त्याच्या अलीकडे आमचं राज्य, पलीकडे त्यांचं. म्हणून फौजा दोन, बराकी दोन आणि बिगुलरही दोन.

पलीकडचा बिगुलर किसन. त्याचे आजोबा साताऱ्याकडून आलेले, पण बोलणं पक्कं माळव्याचं. मी रुजू झालो त्याच दिवशी त्यानं मला नियम सांगितला, "थोरला पहिले, भिया. तुझं बाद में." लेखी हुकूम कुठेच नव्हता. तरी मी मानला. पहाटे पाचला त्याची रिव्हेली, म्हणजे फौजेला उठवायची धून, व्हायची, ती संपली की माझी. आमचे सुभेदारसाहेब त्यावर कुरकुरायचे, पण चालवून घ्यायचे.

दुपारी परेड सुटली की रस्त्याकडेच्या चिंचेखाली दोघांत एक चिलीम. चिलमीच्या तोंडाला धरायचं छापीचं ओलं फडकं त्याचं, तंबाखू माझा. चिंचेची सावली सकाळी त्यांच्या राज्यात असायची आणि दुपारी आमच्या, त्यामुळे दुपारी तो माझा पाहुणा, असं किसन म्हणायचा. परक्या गावात माझं माणूस म्हणावं असा तो एकटाच.

दसऱ्यानंतर किसनचा आवाज बसला. दिवाळी गेली तरी सुटला नाही. मग गळ्याला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. आधी त्याला कुणा वैद्यानं सांगितलं, "गरमी है, उतर जाएगी." पुढे कुणी काहीच सांगेना. संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी त्यानं माझ्या हातातली चिलीम काढून घेतली, विस्तव खाली झाडला आणि बुटानं विझवला.

"तू छोड़ दे," तो म्हणाला. मला नीट ऐकू आलेले त्याचे हे शेवटचे शब्द.

मी सोडली. चौथ्या दिवशी तोंड आलं. जिभेच्या कडेला आणि खालच्या ओठाच्या आत फोड. घसा कोरडा, गिळताना काहीतरी अडकल्यासारखं. बिगूल ओठाला टेकला की डोळ्यांत पाणी यायचं. ते सोसता आलं असतं. भीती निराळी होती. आमची चिलीम एक, छापी एक, तेव्हा किसनचं दुखणं माझ्याही गळ्यात उतरलं, असं मी धरून चाललो. दाढीच्या आरशात दिवसातून दहादा तोंड उघडून बघायचो. चाचपून चाचपून गळा लाल झाला, मग त्या लालीचीही धास्ती घेतली.

दहाव्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिथे नवा बंगाली डॉक्टर आला होता. मी आमच्या हिंदीत सांगितलं, "डॉक्टरसाहब, मेरा मुँह आया है."

"कहाँ से आया?" त्यानं विचारलं.

कंपाउंडर हसला. मला हसू आलं नाही. डॉक्टरनं चमच्यानं जीभ दाबून पाहिलं, गळा चाचपला.

"तंबाकू छोड़ा?"

"दस दिन."

"तंबाकू जाने से मुँह ऐसा करता है. नमक का पानी करो. पंद्रह दिन."

बरं वाटायला हवं होतं. पण किसनलाही आधी असाच धीर दिला होता.

पुढचं सांगायला लाज वाटते. मी चिंचेखाली जाणं बंद केलं. किसनकडे पाहिलं की मला माझंच पुढचं दिसायचं. बराकीत चिलमीच्या घोळक्यात बसायची सोय राहिली नव्हती. घरच्या पत्रात सगळं खुशाल लिहिलं. संध्याकाळी विहिरीच्या कठड्यापाशी एकटाच मिठाच्या गुळण्या करत बसायचो. इतका एकटा मी पुढे लढाईवरही नव्हतो.

किसन पाचला वाजवतच होता. आवाज गेला होता, फुंकर शिल्लक होती. शेवटचा स्वर मात्र दिवसेंदिवस आखूड होत चालला होता. मी बिगूल हातात धरून तो ऐकायचो आणि मग माझा वाजवायचो. आमचं बोलणं आता एवढंच.

एकदा थोरल्यांचा शिपाई रस्त्यापलीकडून ओरडला, "भिया, किसन इशारे से पूछ रिया है, तेरा मुँह ठीक हुआ क्या?"

माझ्या तोंडाचं त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.

"बोल, ड्यूटी पे हूँ," मी म्हणालो. ड्यूटी नव्हती.

डॉक्टरनं सांगितलेले पंधरा दिवस भरले आणि फोड गेले. घास सरळ उतरू लागला. ठरवलं, उद्या परेड सुटली की किसनकडे जायचं, तोंड उघडून दाखवायचं आणि माफी मागायची.

दुसऱ्या दिवशी पाचला बिगूल ओठाशी नेला आणि थांबलो. पलीकडून काही आलं नाही. पाच वाजून दोन मिनिटं झाली. चार झाली. सुभेदारसाहेब बाहेर आले.

"बिगुलर, वाजवत का नाहीस?"

"साहेब, थोरल्याचा झाला नाही."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग पलीकडे पाहिलं. तिकडच्या बराकीत एक कंदील घाईघाईनं इकडून तिकडे जात होता.

"वाजव," ते हळूच म्हणाले.

माझ्यानं होईना. पाच वाजून सात मिनिटांनी त्यांनी पुन्हा हुकूम दिला, तेव्हा वाजवला.

थोरल्यांकडे दुसरा बिगुलर नव्हता. दोन्ही सुभेदारांनी आपसांत बोलून मला परवानगी दिली. दुपारी धाकट्या पातीच्या वर्दीत मी रस्ता ओलांडला आणि किसनच्या चितेपाशी लास्ट पोस्ट, फौजेतली अखेरच्या निरोपाची धून, वाजवली. शेवटचा स्वर छाती रिकामी होईपर्यंत धरला. ओठ जरासुद्धा दुखले नाहीत. दुखले असते तर बरं झालं असतं.

आठवड्यानं थोरल्यांकडे नवा बिगुलर आला, चांगला पिकल्या मिशांचा. पहिल्या पहाटे तो माझी वाट बघत राहिला आणि मी त्याची. दोन्ही बराकी झोपून राहिल्या, दोन्हीकडून शिव्या बसल्या. परेड सुटल्यावर मी कित्येक दिवसांनी चिंचेखाली गेलो आणि त्याला हाक मारली.

"थोरला पहिले, भिया," मी म्हणालो. "मेरा बाद में."

"किसने बोला?"

"किसननं," मी म्हणालो.